रिकाम्या नळीचा श्वास

तोकि-सानचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या रसायनाच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धूत होतो.

"चिदा-सान, असाल तसे या! या पोरीनं माझं गाण्याचं मशीन फोडलं!"

पोरगी म्हणजे ओनोदेरा सुमिए. पन्नाशी ओलांडलेली, आमच्याच मिझुसावाच्या औद्योगिक शाळेत पदार्थविज्ञान शिकवणारी, आणि पहिलीपासून माझ्या वर्गात असलेली. तोकि-सान तिची आई. ऐंशी उलटली तरी कराओकेचा माइक हातात आला की पाय रोवून उभ्या राहायच्या आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं गायच्या.

मी सायकल दामटत पोहोचलो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कराओकेचं खोकं उघडं पडलं होतं. सुमिएनं त्यातला स्पीकर काढून उताणा ठेवला होता आणि त्याच्या कागदी पडद्याच्या मधोमध ती थंड कॉफी प्यायची नळी चिकटवत होती.

"लग्न केलं नाहीस ते नाहीस," तोकि-सान म्हणत होत्या, "आता भोंग्याशी संसार थाटणार का?"

"आई, थोडे दिवस. परत देते."

"तुझे थोडे दिवस मला ठाऊक आहेत. बापाची दुर्बीण अशीच घेतलीस. तिची भिंगं मला अजून तांदळाच्या डब्यात सापडतात."

सुमिएनं मान वर केली. डोळे लहान मुलीसारखे चमकत होते. "चिदा, ही नळी नीट धर. हलवू नकोस. आपण मॅग्नेटोमीटर बनवतोय, चुंबकत्व मोजायचं यंत्र."

'आपण' हा शब्द मी तिथंच पकडायला हवा होता. पण तोवर नळी माझ्या हातात आली होती.

सुमिएला हे वेड काही आजचं नव्हतं. तरुणपणी ती सेन्दाईच्या विद्यापीठात शिकली. चुंबकांवर तिथं पिढ्यान् पिढ्या काम चालत आलंय. फेराइट नावाच्या काळ्या, बशीसारख्या ठिसूळ चुंबकांवर तिनं प्रबंध लिहिला. तळघरात एक मोठं यंत्र होतं. त्यात चिमूटभर पूड ठेवली की तिच्यात किती चुंबकत्व आहे, ते किती पटकन येतं आणि किती चिवटपणे टिकतं, हे सगळं ते काढून द्यायचं. सुमिएचं निम्मं तारुण्य त्या तळघरात गेलं आणि ती तिथं अतिशय सुखात होती. मग वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. ती घरी आली, शाळेत लागली, आणि राहिली.

पण सुट्टीच्या दिवशी ती रबरी बूट चढवून किताकामि नदीच्या काठानं नाहीतर समुद्रकिनाऱ्यानं हिंडायची. वाळूत चुंबक फिरवून काळी लोहवाळू गोळा करायची आणि लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांमध्ये भरून ठेवायची. तिचं म्हणणं असं, की प्रत्येक किनाऱ्याच्या वाळूचा चुंबकी स्वभाव वेगळा असणार. दिसायला सगळी सारखीच काळी, पण मोजली तर कुठली कुठून आली ते कळेल. मोजायचं कुठं? सुरुवातीला सेन्दाईतले जुने मित्र एखादी दुपार काढून द्यायचे. मग ते निवृत्त झाले. यंत्र नवीन आलं, त्याच्यापुढे रांग लागली. शाळेतून आलेल्या विनंतीला "यावर विचार करू" असं गोड उत्तर आलं. आमच्याकडे त्याचा अर्थ काय होतो ते शेंबड्या पोरालाही कळतं.

सुमिए रुसली नाही. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत तिनं मला गाठलं. "चिदा, त्या यंत्रात आहे काय रे शेवटी? थरथरवणारं काहीतरी, एक विद्युतचुंबक, तारेची दोन वेटोळी आणि ढीगभर आदर. आदर काढून टाकला तर बाकीचं स्वयंपाकघरात मावतं."

तत्त्व खरंच साधं होतं. चुंबकत्व असलेली वस्तू तारेच्या वेटोळ्याजवळ हलवली की तारेत किंचितशी वीज उमटते. चुंबकत्व जास्त, तर वीज जास्त. म्हणून स्पीकर नळी थरथरवणार, नळीच्या टोकाला वाळू, वाळूच्या दोन्ही बाजूंना वेटोळी आणि त्यांच्या बाहेर विद्युतचुंबक. वेटोळ्यांत उमटलेली वीज संगणकाच्या ध्वनीच्या जागेत घुसवायची, जशी आपण माइकची पिन घुसवतो.

तत्त्व साधं, पण यंत्र अडेलतट्टू. वेटोळी गुंडाळायचं काम माझ्याकडे आलं. केसाएवढी तार, सतत तुटायची. विद्युतचुंबकाचं मऊ लोखंड गावातल्या ओतशाळेच्या मालकानं दिलं, शाळेच्या कारखान्यात ते कापून घेतलं. सगळं जोडलं, तर स्पीकरबरोबर टेबलही थरथरू लागलं आणि वेटोळीही. नळीत काहीच नसताना यंत्र सांगायचं, आहे आहे, भरपूर आहे! मग सुमिएनं सायकलच्या मागे सामान बांधायच्या रबरी दोऱ्यांनी स्पीकर छताच्या वाशाला टांगला. टेबल गप्प झालं. उरली घरातल्या विजेची गुणगुण. तिनं त्या गुणगुणीचा आलेख काढला. पन्नासवर एक उंच सुळका, शंभरवर दुसरा. मध्ये साठच्या आसपास शांत दरी, आणि स्पीकरही तिथंच झकास झुलायचा. "सेकंदाला साठ हेलकावे," तिनं ठरवून टाकलं.

रविवारी दुपारी नळीत रिकुझेनताकाताच्या किनाऱ्याची वाळू भरली. सुमिए विद्युतचुंबकाचा जोर हळूहळू वाढवत गेली. पडद्यावर एक ठिपका वर चढू लागला. चढत चढत सपाटीला लागला. मग तिनं जोर कमी केला. ठिपका परत फिरला, पण आल्या वाटेनं नाही! थोड्या वरच्या वाटेनं. लोखंडाला आपलं मागचं आठवत असतं, ते सहजासहजी विसरत नाही, म्हणून त्याची परतीची वाट निराळी. जोर उलटा केला, ठिपका खाली गेला, वळला, वर आला आणि जिथून निघाला होता तिथं येऊन टेकला. पडद्यावर बांबूच्या पानासारखा निमुळता, बंद आकार उमटला होता.

सुमिए किंचाळली. मीही किंचाळलो. मी रसायनवाला, मला किंचाळायचं काही कारण नव्हतं, पण किंचाळलो.

तोकि-सान धावत आल्या. "काय झालं? भूकंप?"

"आई, पान! पान आलं!"

"कसलं पान?" त्यांनी चष्मा लावून पडद्याकडे पाहिलं. "एवढ्यासाठी माझं मशीन फोडलंस?" मग आणखी जवळ जाऊन म्हणाल्या, "पण दिसतंय छान."

सेन्दाईत एकाच्या हातापाया पडून सुमिएनं तीच वाळू मोठ्या यंत्रावर मोजून घेतली. दोन्ही पानं एकावर एक ठेवली तर कडा जवळजवळ जुळल्या. परतीच्या गाडीत तिनं जेवणाचा डबा उघडलाच नाही. तो कागद उघडायची, बघायची, घडी घालायची, पुन्हा उघडायची.

मग तिनं सगळं इंटरनेटवर टाकून दिलं. यंत्राचे नकाशे, संगणकाचा प्रोग्राम, तार किती आणि कुठली, माझ्या चुका आणि तिच्या चुका, सगळं. कुणीही घ्या, बनवा, बदला, फक्त बदल कळवा.

"अगं, पेटंट तरी घे," मी म्हणालो. "निदान कुठंतरी कुलूप लाव."

"कुलूप लावलेली यंत्रं मी आयुष्यभर बाहेरून बघितलीत," ती म्हणाली. "आता मीच कुलूप लावू?"

आणि पत्रं येऊ लागली. व्हिएतनाममधल्या हुए गावच्या एका प्राध्यापकानं नळीऐवजी बांबूची काडी वापरली होती. इंडोनेशियातल्या बांडुंगच्या मुलींनी विद्युतचुंबक चक्क मोडक्या ओव्हनच्या ट्रान्सफॉर्मरमधून काढला होता. फोटो आला की सुमिए तो छापून फ्रिजवर चिकटवायची. "बघ, बघ, यांनी वेटोळी आडवी लावली!" शिक्षकांच्या खोलीत तिच्याजवळून कुणाला सरळ जाता येईना. तैवानच्या जियायीतून लाय नावाच्या बाईनं लिहिलं, सामान आलंय, उद्या सुरुवात करते. तिचं पुढं काही आलं नाही. कोरियातला एक मुलगा आणि ब्राझीलचे काहीजणही सुरुवात करून असेच गप्प झाले. होतं असं, सुमिए म्हणाली.

मग देशाच्या पार नैऋत्य टोकाच्या क्युशू बेटावरून कोगा-सानचं पत्र आलं. कोगा तेरुहिसा, आसो ज्वालामुखीच्या पायथ्याशी राहणारे, भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. आसोची राख पडली की हा माणूस झाडू आणि सुपली घेऊन बाहेर पडायचा. त्यांच्याकडे कित्येक वर्षांची राख बाटल्यांत भरलेली होती. त्यांना हवं होतं ते हेच, की राखेचं चुंबकत्व स्फोटागणिक बदलतं का. पत्राची सुरुवात ऋतूच्या शुभेच्छांनी, शेवट नमस्कारानं, आणि मधला मजकूर असा: 'आपल्या यंत्रात नळी रिकामी असताना चुंबकत्व दिसते. तेही स्थिर नाही. हळूहळू वाढते, हळूहळू उतरते, जणू श्वास घेते. मी हे यंत्र तीनदा खोलून जोडले आहे. दोष माझ्या हातांचा नसावा.'

सुमिएनं फोन लावला.

"टेबल हलतंय का?"

"टेबल? अहो, आमचं टेबल दगडाचं आहे की. ते हललं तर डोंगर फुटलाय म्हणायचं."

"स्पीकर टांगलाय?"

"टांगलाय. मीही टांगून घेईन आता तिथंच."

असे कितीतरी फोन झाले. ती उपाय सुचवायची, ते करून बघायचे, नळी श्वास घेत राहायची. शेवटी उन्हाळ्याच्या सुट्टीत तिनं आपलं यंत्र कापडात गुंडाळून दोन पेट्यांत भरलं. एक पेटी माझ्या दारात आणून ठेवली. "विद्युतचुंबक तुझ्याकडे. जड आहे."

"मी येतोय हे मला कधी सांगणार होतीस?"

"आत्ता सांगितलं की."

उत्तरेकडून निघून क्युशूपर्यंत गाड्या बदलत आम्ही ती लोखंडं वाहिली. आसोच्या स्टेशनवर कोगा-सान छोटा ट्रक घेऊन उभे होते. बुटके, उन्हानं रापलेले, भुवया झाडूसारख्या. लवून नमस्कार झाले. ट्रकमध्ये पेटी चढवताना ते म्हणाले, "यंत्र आणलंत ते बरं झालं. म्हणजे आता कळेल, वेडं कोण, तुमचं की माझं."

त्यांच्या कोठारात आम्ही सुमिएचं यंत्र मांडलं. नळी रिकामी. विद्युतचुंबक बंद. स्पीकर सुरू. सगळे पडद्यासमोर.

रेघ वर चढू लागली. हळूहळू. थांबली. हळूहळू उतरली. पुन्हा चढली.

सुमिएचा चेहरा उतरला. घरी कधीही न चुकलेलं तिचं स्वतःचं यंत्र, तेच श्वास घेत होतं.

"हां!" कोगा-सान टाळी वाजवून म्हणाले. "माझे हात सुटले!"

मग सुरू झाली धरपकड. दिवे घालवले, मोबाइल गायरानात नेऊन ठेवले. गायींसाठी लावलेलं विजेचं कुंपण बंद केलं, तर एक तांबडी गाय लगेच बाहेर आली आणि तिला परत घालण्यात तासभर गेला. रेघ आपली चढत-उतरत होती. तेवढ्यात कोगा-सान एकदम हळू आवाजात म्हणाले, "ओनोदेरा-सेन्सेई, एक विचारू? हसू नका. हा डोंगर तर नसेल?"

"डोंगर?"

"खाली तापलेला खडक वर-खाली होतो. त्याचं चुंबकत्व बदलतं. यंत्र एवढं नाजूक. आपण डोंगराचा श्वास तर मोजत नाही ना?"

सुमिए पडद्याकडे टक लावून बघत होती आणि तिच्या गळ्याची शीर उडताना मला दिसत होती. कॉफीच्या नळीनं ज्वालामुखीचा श्वास ऐकावा! खरं असतं तर केवढं! तिला ते खरं हवं होतं, आम्हा तिघांनाही हवं होतं.

"डोंगर असेल," ती शेवटी म्हणाली, "तर डोंगराजवळ गेल्यावर तो जास्त ऐकू येईल. चला."

सगळं ट्रकमध्ये भरून आम्ही वरच्या गवताळ उतारावर गेलो. आजूबाजूला ना घर, ना खांब, ना तार. तिवईला स्पीकर टांगला, ट्रकच्या बॅटरीवर जोडणी केली, लॅपटॉप मांडीवर. मघाचीच गाय आणि तिच्या मैत्रिणी गोल करून बघायला आल्या. वर डोंगराच्या तोंडातून पांढरा धूर निघत होता.

सुमिएनं यंत्र सुरू केलं.

रेघ सपाट. मेलेल्या माशासारखी सपाट.

आम्ही वाट बघितली. सपाट.

"डोंगर नाही," कोगा-सान म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता.

पण सुमिए ताठ बसली होती. "इथं काय नाही? खाली होतं आणि इथं नाही, असं काय?"

"घर नाही," मी म्हणालो. "दिवे नाहीत. वीज नाही."

"वीज," ती म्हणाली. आणि मग अगदी हळू, जणू उत्तराची भीती वाटत असावी तशी, "कोगा-सान, तुमच्याकडे वीज किती?"

"किती म्हणजे? शंभर व्होल्ट. तुमच्याकडे असते तेवढीच."

"व्होल्ट नाही. हेलकावे. सेकंदाला किती?"

"साठ की. आमच्या पश्चिमेला सगळीकडे सा..."

ते थांबले. भुवया वर गेल्या, गेल्या त्या तिथंच राहिल्या.

आपल्या देशात विजा दोन. पूर्वेला पन्नास, पश्चिमेला साठ. शाळेत मुलांना शिकवतो आम्ही हे! घर बदलणारी माणसं कपडे धुवायचं जुनं यंत्र विकून टाकतात ते याच्यासाठीच. आणि सुमिएनं पन्नासच्या गुणगुणीपासून लांब म्हणून निवडलेले साठ हेलकावे इथं थेट विजेच्याच पावलावर पाऊल टाकत होते. अगदी तंतोतंतही नाही. दोन माणसं शेजारी चालताना कधी पावलं जुळतात, कधी सुटतात, तसं. जुळली की रेघ वर, सुटली की खाली. झाला श्वास.

"मी," सुमिए म्हणाली, "पदार्थविज्ञान शिकवते." आणि ती हसायला लागली. गवतावर आडवी होऊन, पोट धरून. कोगा-सान आधी शिष्टाचार म्हणून गप्प होते, मग त्यांचाही बांध फुटला. "आणि मी म्हणतोय डोंगर! डोंगराचा श्वास!" गायी दचकून मागे सरल्या.

एकाएकी सुमिए उठून बसली. "लाय-सान! तैवान! तिकडंही साठ! आणि कोरियातला तो मुलगा, आणि ब्राझीलचे! अरे, ते सगळे गप्प का झाले ते आत्ता कळलं. त्यांना वाटलं असेल, आपलंच चुकलं!"

खाली धावतच आलो म्हणा ना. बदलायचा होता फक्त एक आकडा. पन्नासशी भांडणार नाही, साठशीही नाही, त्यांच्या दुपटींशीही नाही, असा. बरीच घासाघीस होऊन त्र्याहत्तरवर एकमत झालं. "तुम्ही टाका," सुमिए कोगा-सानना म्हणाली. त्यांनी एका बोटानं सात दाबला, मग तीन. रिकामी नळी गप्प. इतकी गप्प, की मीच श्वास सोडला. मग त्यांनी त्यांच्या बाटलीतली चिमूटभर राख भरली आणि पडद्यावर आसोचं पहिलं पान उमटलं. आमच्या वाळूच्या पानापेक्षा रुंद, पोटाशी फुगलेलं.

कोगा-सान पडद्याशी वाकले. "एवढी वर्षं झाडतोय हिला," ते म्हणाले. "आज पहिल्यांदा तोंड दिसलं." आणि मग आरडाओरडा करून बायकोला बोलावलं, शेजाऱ्यांना बोलावलं. मोहरीच्या पानांचा भात आला, कणकेचे गोळे घातलेलं गरम सूप आलं, शोचू दारूची बाटली आली. जेवता जेवता एकेक बाटली उघडून राख मोजणं चाललं होतं. कुणी म्हणे माझ्या लग्नाच्या वर्षीची मोजा, कुणी म्हणे धाकट्याच्या जन्माची.

सुमिएनं तिथूनच सगळ्यांना लिहिलं: चूक माझी आहे, तुमच्या हातांची नाही, कृपया हा आकडा बदलून बघा. लाय-सानचं उत्तर दुसऱ्या सकाळी आलं. तिनं यंत्र कपाटात ठेवून वर चादर घातली होती. 'काढलं, आकडा बदलला, चाललं. मी आत्ता स्वयंपाकघरात नाचतेय.'

त्यानंतर कोगा-सान शांत बसले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी प्रोग्रामच नवा लिहून पाठवला. आता यंत्र सुरू झालं की आधी थोडा वेळ नुसतं ऐकतं, त्या खोलीतली गुणगुण कुठंकुठं आहे ते बघतं आणि आपल्या हेलकाव्यांचा आकडा आपणच निवडतं. जगात कुठंही न्या. सुमिएनं तो चालवून बघितला आणि खुर्चीत मागे टेकली.

"काय झालं?" मी विचारलं.

"माझ्यापेक्षा चांगलं केलंय रे." क्षणभर तिचं तोंड बारीक झालं. मग तिनं टेबलावर थाप मारली. "माझ्यापेक्षा चांगलं केलंय! चल, माझं खोल. त्यांचं बांधू." आणि मला पुन्हा तार गुंडाळायला बसवलं.

आता जिथं जिथं ते यंत्र बनतं तिथं वर दोघांची नावं असतात, ओनोदेरा आणि कोगा, आणि त्याखाली बदल करणाऱ्यांची रांग, जी मला एका दमात वाचता येत नाही. सेन्दाईतल्या त्या विभागानं विद्यार्थ्यांच्या सरावासाठी अशी बरीच यंत्रं बांधून घेतली. उद्घाटनाला सुमिएला बोलावलं. ती भाषण विसरली आणि थेट पेचकस घेऊन यंत्र खोलायला बसली. तेच मुलांना जास्त आवडलं.

परवा मधल्या सुट्टीत तिचा फोन वाजला. ती शिक्षकांच्या खोलीतून बाहेर पळाली, जाता जाता माझी बाही ओढत. आसोनं सकाळी राख टाकली होती. पूर्वी कोगा-सान ती बाटलीत भरून कपाटात ठेवत. या वेळी राख अजून छपरांवर पडत होती आणि त्यांच्या कोठारातल्या पडद्यावर पान उमटलंही होतं.

"बोला, बोला!" ती फोनमध्ये ओरडत होती. "रुंद की अरुंद? गेल्या खेपेपेक्षा? काय? अरुंद? खात्री आहे ना? नळी आधी रिकामी मोजलीत का?"

पलीकडून कोगा-सानचा आवाज शेजारी उभ्या मलाही स्पष्ट ऐकू येत होता. "मोजली की! रिकामी अगदी गप्प आहे! थांबा, थांबा, बायको दुसरं पातेलं घेऊन आलीय, उत्तरेकडच्या छपरावरची राख. ठेवतो फोन!"

"ठेवू नका!" सुमिए म्हणाली. "तसाच असू द्या. आम्ही ऐकतोय."

तासाची घंटा झाली. वर्गात जायला आम्ही दोघंही निघालो नाही.